ऊब न मागणारं घर

आप्पांना आपल्या सूनबाईचं भारी कौतुक. मुलापेक्षा काकणभर जास्तच, आणि मुलालाही ते ठाऊक होतं.

सूनबाई वसाहतीच्या ऊर्जाकेंद्रात इंजिनियर. तिथलं गॅसचं इंजिन वीज तयार करी, त्याच्याच उष्णतेवर घरोघरच्या हीटरचं पाणी तापे, छपरांवरच्या उन्हाची वीज बॅटरीत साठे. काय कधी चालवायचं, कुठल्या घराला किती ऊब पाठवायची, हे वेळापत्रक सूनबाईनं रचलेली प्रणाली ठरवी. प्रणाली मोठी हुशार. घराघराच्या सवयी शिकायची. पण हुशारांची खोड तिलाही होतीच: दिसेल तेवढंच खरं.

थंडीच्या तोंडाशी जेवताना सूनबाई सहज म्हणाली, "संध्याकाळी सगळे एकदम हीटर लावतात ना आप्पा, तिथं माझं गणित कोलमडतं."

झालं! आप्पा तळमजल्यावर एकटे राहत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा हीटर संध्याकाळी बंद. प्रणालीला वाटलं, या घराला ऊब नको. तिनं हात आखडता घेतला. पुढे कडाका पडला तेव्हा आप्पांनी भरदुपारी हीटर लावून पाहिला, तर तो जेमतेम कोमट. त्यांना वाटलं, पोरीची काहीतरी अडचण असणार. त्यांनी तो दुपारीही बंद ठेवला. प्रणालीनं ऊब आणखी घटवली. दोघं एकमेकांचं मन राखत बसले आणि मधल्यामध्ये म्हाताऱ्याची हाडं गोठली.

एका दुपारी सूनबाई खाली डोकावली. आप्पा कोट, कानटोपी चढवून खुर्चीत बसलेले.

"हीटर का बंद?"

"मला उकडतं गं," आप्पा म्हणाले, आणि त्यांचे दात वाजले.

तिनं त्यांचा हात धरला. गारठून गेलेला. तिला राग आला आणि रडूही आलं. "कुणी सांगितला हा शहाणपणा?"

"तुझं गणित कोलमडतं म्हणालीस. घरच्या माणसानं तरी हातभार लावायला नको?"

सूनबाईला आपल्या गणितातली चूक दिसली. तिनं गॅसचा खर्च मांडला होता, बॅटरीची झीजसुद्धा मांडली होती. कुठलीही खोली अमुकपेक्षा गार होऊ द्यायची नाही, एवढंच राहिलं होतं. थंडी वाजली की माणूस हीटर लावणारच, असं ती धरून चालली होती. तिथंच लॅपटॉप उघडून, खोल्यांतल्या तापमापकांना प्रणाली जोडून तिनं ती अट घातली.

पडद्यावर खर्चाचा आकडा चढला. आप्पा ओशाळले. "माझ्यापायी ना?"

"तुमच्या एकट्यापायी नाही. बघा, अजून किती घरं गारठलीत."

आप्पांनी चष्मा लावून घरांचे क्रमांक वाचले. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, ही सगळी माझी दोस्तमंडळी. मीच म्हटलं होतं त्यांना, माझ्या सूनबाईला जरा मदत करा."

ते तडक उठून चपला शोधू लागले.

"थांबा आप्पा," तिनं डोळे पुसले. "मीही येते."