रविवारचा बिघाड

"सर, या हो लवकर! मशीन परत रुसलं!"

उंदऱ्यानं अशी काही बोंब ठोकली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटावं, घराला आग लागली. आगबिग काही नव्हती. मशीन, म्हणजे सरांच्या घरचा कॉम्प्युटर, बिघडवलं होतं ते त्यानंच. सर आंघोळीला गेले तेवढ्यात.

उंदऱ्या म्हणजे कुणी पोरगं नव्हे. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, दोन मुलींचा बाप. नाव सरांनी ठेवलेलं. नोकरीला लागल्या लागल्या त्यानं सरांच्या माउसच्या पोटाला चिकटपट्टी लावली होती आणि सर अर्धा दिवस मशीनला शिव्या घालत बसले होते. तेव्हापासून आख्ख्या ऑफिसात तो उंदऱ्याच.

सर रिटायर झाले आणि हळूहळू विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग जावयाचं नाव. "ते मुद्दाम विसरले असतील," असं म्हणून उंदऱ्यानं सरांच्या बायकोला, काकूंना, हसवलं होतं. पण मशीनसमोर बसले की सरांची बोटं भराभरा चालायची. एकदा काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "हे मशीन दुरुस्त करतात ना, तेव्हा वाटतं, आहेत अजून घरात."

झालं! उंदऱ्यानं ते मनावर घेतलं. दर रविवारी हजर व्हायचं, गुपचूप काहीतरी मोडायचं आणि बोंब मारायची.

मोडायची जागा ठरलेली. सरांची सगळी गाणी एका वेगळ्या डिस्कवर होती. पण डिस्क मशीनच्या खोक्यात नुसती असून भागत नाही. ती कुठल्या फोल्डरला जोडायची, म्हणजे माउंट करायची, हे एका फाइलमध्ये ओळ लिहून मशीनला सांगावं लागतं. त्या ओळीत डिस्कचा लांबलचक नंबर. त्यातलं एक अक्षर चुकलं की मशीन सुरू होताना अडून बसतं. काळा पडदा आणि 'डिस्क सापडत नाही' हे रडगाणं. नीट सुरू झालं, तर स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर गाणं आपोआप लागायचं. ती करामत सरांचीच. त्यामुळे काकूंना काही विचारावं लागत नसे. गाणं लागलं म्हणजे आज जमलं.

सुरुवातीला उंदऱ्या एखादंच अक्षर बदलायचा. सर चुटकीसरशी पकडायचे आणि वर त्याचा उद्धार करायचे. पुढे पुढे सरांना वेळ लागायला लागला, तसा तो बिघाड सोपा करत गेला. आज तर त्यानं कहरच केला. ओळीच्या मधोमध चक्क 'गाढव' लिहून ठेवलं.

सर येऊन खुर्चीत बसले. केसांतून पाणी निथळत होतं.

"डिस्क मेली वाटतं, सर. नवीन आणू?" उंदऱ्यानं गळ टाकला. एरवी यावर 'तुझी अक्कल मेलीय!' हे ठरलेलं.

सर पडद्याकडे बघत राहिले. "काय म्हणतंय हे?"

"डिस्क सापडत नाही म्हणतंय."

"अरेरे. कुठे ठेवली होती?"

उंदऱ्याला हसू फुटलं. म्हातारा आज आपलीच फिरकी घेतोय! एवढ्यात सर गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि टेबलाखाली शोधायला लागले.

"इथे तर नाही," ते म्हणाले.

 उंदऱ्यानं घाईघाईनं ती फाइल उघडली. "ही ओळ बघा ना, सर. काही खटकतंय?"

सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. बोट नंबरावरून सरकत 'गाढव'वर आलं, तिथून पुढे गेलं आणि ओळ संपली तिथे थांबलं.

"छान आहे," सर म्हणाले. "तुम्ही लिहिलंत?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"जमतंय का रे?" काकूंनी आतून विचारलं.

"जमतंय म्हणजे? पकडलं की सरांनी! मला आत्ता गाढव म्हणाले!" उंदऱ्या ओरडला. एकीकडे त्यानं तो शब्द खोडला, फाइल सेव्ह केली, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची आज्ञा टाइप केली आणि सरांचा हात धरला. "एवढं एक बटण दाबा, सर." बोट गार पडलं होतं. त्यानंच ते बटणावर टेकवलं.

मशीन जरा घरघरलं आणि स्वयंपाकघरात गाणं लागलं.

काकू हात पुसत लगबगीनं बाहेर आल्या. चेहरा असा उजळलेला की उंदऱ्याला बघवेना. "केलंत?"

"एका झटक्यात, काकू! मी आपला बघतच राहिलो."

"छे छे, मी कुठे," सर उठून उभे राहत म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "या गृहस्थांनी केलं. हुशार आहेत. यांना चहा द्या."

 काकूंनी उंदऱ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. नुसती मान हलवली, जणू त्यांना सगळे रविवार ठाऊकच होते.

मग त्या सरांजवळ गेल्या. त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. काकू ती एकेक करून सोडवायला लागल्या.

"गाणं छान आहे," सर म्हणाले. "कुणी लावलंय?"

"तुम्हीच," काकू म्हणाल्या आणि वरचं बटण त्याच्या काजात घातलं.