तिसरा बोया

कर्टिस गोरहॅम मार्चमध्ये समुद्रात गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. उन्हाळ्यात त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या बहिणीने लोर्नाने, त्याचे शेवंड धरायचे सापळे विकले. आमच्याकडे सापळ्याच्या दोराला बांधलेल्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचे रंग पाहून तो कुणाचा ते ओळखतात. त्यामुळे घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी कर्टिसच्या पिवळ्या-काळ्यावर आपला हिरवा फासला. पिवळे-काळे तीनच बोये उरले. ते टेसाने लपवले होते.

टेसा माझी भाची, वय पंधरा. मोबाइलवर ती एक थरारपट काढत होती. त्यातल्या मुलीचा बाप बुडालेला नसतो. धुक्याआडच्या बेटावर त्याला कुणीतरी डांबून ठेवलेले असते आणि तो बोये सोडून लेकीला खुणा करतो. मुलीच्या डोळ्यांना दिसेल तेवढेच पडद्यावर येणार होते. शेवटी धुक्यातून एक हात येऊन बोया उचलणार होता. तो हात कुणाचा, हे तिने मला सांगितले नव्हते. मी नुसता वल्ही मारायचो.

सकाळच्या धुक्यात दृश्य मिळावे म्हणून तिने दगड बांधून एक बोया खाडीत सोडला. दुसऱ्या दिवशी तो नव्हता. दुसरा सोडला, तोही गेला.

"भरतीने वाहून गेला असेल," मी म्हणालो.

"मग दगड राहिला असता, मामा. दोरासकट वर काढलाय कुणीतरी."

"कोण काढणार?"

"बाबा."

सिनेमाबद्दल बोलताना तिचा आवाज वेगळा असायचा. हा तो नव्हता. ती खुशीत होती, आणि मला तेच नको होते.

तिसरा बोया सोडल्यावर आम्ही पहाटेच खडकाआड होडी लावून बसलो. तिने मोबाइल धरून ठेवला होता. धुक्यातून आधी होडीचे नाक आले, मग नारिंगी हातमोजा घातलेला एक हात. त्याने बोया पकडला. टेसाचा श्वास मला ऐकू येत होता.

"कुठल्या गाढवाने एवढा धोंडा बांधलाय," हाताचा मालक म्हणाला.

तो आमचा शेजारी, वेल्डन क्रोवेल.

मी होडी पुढे काढली. आम्हाला पाहून तो ओशाळला.

"वेल्डनकाका, माझे बोये का चोरता?" टेसाने विचारले. मोबाइल चालूच होता.

"चोरतो कसला. शेवंडांचा हंगाम बंद आहे, पोरी. हे रंग पाण्यावर दिसले तर मत्स्य खात्याचा माणूस थेट तुझ्या आईच्या दारात जाईल."

"खाली नुसता दगड आहे."

"ते वर काढल्यावर कळलं. पहिल्यांदा वाटलं, सापळा कुणीतरी आधीच पळवला. दुसऱ्यांदाही तेच वाटलं."

"मग घरी येऊन विचारायचं," मी म्हणालो.

"घरात चणचण असेल, म्हणून चोरून सापळा टाकला असेल म्हटलं. विचारून लोर्नाला लाजवायचं कशाला?"

टेसाने मोबाइल खाली घेतला. मग तिने त्याला सिनेमा सांगितला, अगदी शेवटच्या हातापर्यंत. वेल्डनने सगळे ऐकून घेतले.

"कर्टिस डावखुरा होता," तो म्हणाला. "डाव्या हाताने उचलून बघतो. त्याचे हातमोजे आण हवे तर."

त्याने डाव्या हाताने उचलून पाहिले. बोया निसटून होडीवर आपटला. दुसऱ्यांदा तो स्वतःच पाण्यात पडता पडता राहिला. टेसाला हसू आवरेना. मार्चनंतर मी ते पहिल्यांदा ऐकले.

"राहू द्या काका. उजव्यानेच उचला, तुमच्याच हातमोज्याने."

त्याने उचलला. मोबाइल हातावरून हळूहळू वर सरकला.

"आता मान वर करा."

"दाढी केलेली नाही."

"असू दे. त्या मुलीला दिसायला हवं कोण आहे ते."

वेल्डनने मान वर केली. फोटोला उभा राहिल्यासारखा ताठ चेहरा केला, मग तसाच ठेवणे त्याला जमेना आणि तो हसला. तिने तेही घेतले.

"आधीचे दोन शेडमध्ये आहेत," तो म्हणाला. "लोर्नाची हरकत नसेल तर आणून देतो."

"न्याहारीलाच बोलावलंय तिने तुम्हाला," टेसा म्हणाली.

लोर्ना तेव्हा अजून झोपेतून उठलीही नव्हती. मी वल्ही जरा सावकाश मारली.