बेंदराच्या दिवशी उतरलेली लाँच

कुंडलिक पाखऱ्याच्या डाव्या शिंगाला हिंगूळ लावत होता, तेवढ्यात टेकडीवर लॉरीचा भोंगा वाजला. बैलानं मान झटकली आणि हिंगुळाचा लाल फराटा थेट कुंडलिकच्या कपाळावर उमटला.

"ही कुटली लॉरी सणासुदीची?" तो करवादला.

गोठ्यातून बाहेर येऊन बघतो तर लॉरीच्या मागे दोन चाकांचा लोखंडी गाडा, आणि गाड्यावर पांढरीशुभ्र लाँच. पोटाला निळा पट्टा, मागे इंजिनावर ताडपत्री. लॉरीतून धरणखात्याचे आनंदराव ओव्हरसियर उतरले आणि हसतमुखानं म्हणाले, "काय कुंडलिकराव, सोळा तारीख म्हटली होती ना? आणली बघा! जुंपा बैल."

कुंडलिकनं आधी गोठ्याकडं बघितलं, मग लाँचकडं.

करंजवाडीत तारीख कुणी पाळत नव्हतं. वाडीचं सगळं तिथीवर चालायचं. बैलांचा बेंदूर कधी आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्याच दिवशी सोळा तारीख आहे हे सांगणार कोण? महिन्यापूर्वी आनंदरावांनी विचारलं होतं, "सोळाला जमेल का?" तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कुंडलिक म्हणाला होता, "न जमाया काय झालं?" त्याला घाईच तशी होती.

घाईचं कारण पाण्यापलीकडे राहत होतं. कुंडलिकची एकुलती एक लेक भामाबाई समोरच्या माळेवाडीत दिलेली. दिली तेव्हा मधे वेळवंडी नदी होती, तीही उन्हाळ्यात गुडघाभर. धरण होणार, पाणी चढणार, असं मोजणीवाले कानीकपाळी ओरडून सांगत होते. पण वाडीचे कोंडिबा पाटील म्हणाले, "हितवर पानी चढवाया काय इंद्र येनार हाय?" आणि सगळ्यात मोठ्यानं मान हलवली ती कुंडलिकनं. त्याच भरवशावर त्यानं सोयरीक जुळवली. "हाक मारली की लेक दारात," असं मिशीवरून हात फिरवत साऱ्या पावण्यांना सांगितलं. इंद्र काही आला नाही, पण भाटघरचं पाणी आलं. जुनं गाव, मारुतीचा पार, खालची काळी रानं, सगळं त्यानं पोटात घेतलं आणि वाडी टेकडीवर चढून बसली.

आता भामाचं घर दिसायचं, तिच्या चुलीचा धूर दिसायचा, पण जायचं तर धरणाला वळसा घालून सगळा दिवस मोडायचा. उन्हाळ्यात होडी चालायची. आषाढाचं वारं सुटलं की होडीवाला होडी पालथी घालून मोकळा व्हायचा. म्हणून पाणी भरल्यापासून भामा एकाही बेंदराला माहेरी आली नव्हती, आणि कुंडलिकला नेमकं तेच खात होतं.

कारण बेंदूर म्हणजे भामाचा सण. आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे, त्याला खांदेमळणी म्हणतात. वर्षभर जू वागवलेल्या खांद्याची ती बडदास्त. परकरात होती तेव्हापासून ते काम भामाचंच. खांदा चोळत चोळत ती बैलाच्या कानाशी जायची आणि सांगायची, "लई वडलंस रे लेकरा. आता निवांत बस." पाखऱ्या भल्याभल्यांना शिंग दाखवायचा, पण तिच्या हाताखाली डोळे मिटून उभा राहायचा. कालच्या सांजेला हे काम कुंडलिकच्या बायकोनं, रतनबाईनं केलं, तर पाखऱ्यानं तिच्या लुगड्याचा पदरच चघळला.

म्हणून लाँच हवी होती. खात्यानं ती पाण्याच्या मोजमापासाठी आणली होती, पण आनंदरावांनी कबूल केलं होतं की ज्या उतारावरून लाँच पाण्यात जाईल तिथंच ती कायमची राहील, आणि बाजाराला, अडीनडीला लोकांनाही पल्याड ने-आण करील. उतार करंजवाडीचाच चांगला होता. जुन्या गावाची गाडीवाट टेकडीवरून सरळ खाली उतरायची. पूर्वी ती गावात जायची, आता पाण्यात जायची, एवढाच फरक. फक्त शेवटचा तुकडा चिकणमातीचा होता. तिथं लॉरी घातली असती तर ती दिवाळीपर्यंत तिथंच राहिली असती. म्हणून लॉरीपासून गाडा सोडवायचा आणि बैलांनी एकेक पाऊल मागे टाकत तो पाण्यात न्यायचा, असं ठरलं होतं. भरली गाडी मागे घेणारी बैलजोडी पंचक्रोशीत एकच, कुंडलिकची पाखऱ्या-सर्ज्या.

आणि त्या जोडीच्या खांद्यावर आज हळद होती.

"सायेब, आज न्हाई जमायचं," कुंडलिक खाली बघत म्हणाला. "आज बेंदूर हाय. आज बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत."

आनंदरावांचा चेहरा पडला. "मग सोळा तारखेला हो का म्हणालात?"

"सोळा तारीख म्या कुटं बगितली व्हती, सायेब? म्या हो म्हनालो."

"अहो, मी तरी पंचांग कुठं बघितलं! पण लॉरी आजच्यापुरतीच मिळाली आहे. आज लाँच उतरली नाही तर परत न्यायची आणि धरणाच्या भिंतीपाशी सोडायची, असा वरून हुकूम आहे. मग ती तिकडचीच." त्यांनी आवाज खाली आणला. "घटकाभराचं तर काम. कोण बघतंय?"

कुंडलिक गोठ्यात गेला. सर्ज्या-पाखऱ्या न्हाऊन चकचकीत झाले होते, गळ्यात नवे गोंडे होते, पाखऱ्याचं एकच शिंग रंगलेलं होतं. खांद्यावरचं लोणी अजून पुरतं जिरलं नव्हतं. कुंडलिकनं खुंटीवरचं जू काढलं. पाखऱ्यानं जू बघितलं आणि शहाण्यासारखा एक पाऊल पुढे सरला. वर्षभराची सवय, तिला सण काय ठाऊक? त्याचं ते पुढे येणं बघून कुंडलिकला भडभडून आलं. त्यानं जू घेतलं आणि तसाच बाहेर आला.

बाहेर वाडी जमली होती. कोंडिबा पाटील म्हणत होते, "न्या सायेब, न्या भित्तीपाशी. जमिनीवर धड बसंना, पान्यावर काय बसनार हाय ती!" कुणी कुंडलिकला शिव्या घालत होतं, कुणी आनंदरावांना, तर कुणी इंग्रजांच्या कॅलेंडरला. कुंडलिकचं तिकडं लक्ष नव्हतं. त्याची नजर पाण्यापलीकडे लागली होती. माळेवाडीच्या काठावर एक हिरवा ठिपका दिसत होता. त्यानंच बाजारकऱ्यांच्या हाती निरोप धाडला होता, 'सोळा तारखंला लाँचनं न्यायाला येतो, गटुडं बांदून काटावर ये.' हिरवं लुगडं त्यानंच संक्रांतीला घेतलेलं.

"काटावर हुबी हाय की वं ती," रतनबाई त्याच्याशेजारी येऊन म्हणाली. तिलाही ठिपका दिसला होता.

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय मग? बैलं जुपू म्हनतीस?"

"म्या कशाला म्हनू?" रतनबाईनं त्याच्या हातातल्या जुवाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "बैलाला सुट्टी हाय. तुमास्नी कुटं हाय? देवानं दोन खांदं तुमास्नी बी दिल्यात की."

कुंडलिकनं हातातल्या जुवाकडं बघितलं. मग एकदम हसला. "आरं, मोटंचे नाडे आना रं!" तो ओरडला. "आज बैलं बगतील आन् आपुन वडू!"

वाडीला एवढंच हवं होतं. सणाचा दिवस, चुलीवर पुरणपोळी, हाताला काम नाही, त्यातून ही मजा. विहिरीवर मोट ओढायचे ते जाडजूड दोर आले. दोन नाडे गाड्याला बांधून वाटेच्या कडेच्या करंजाला एकेक वेढा दिला, आणि गडी ते धरून उभे राहिले, म्हणजे गाडा एकदम सुटणार नाही. गाड्याच्या दांडीला जू लावलं. उजव्या बाजूला कुंडलिक शिरला. जू छातीशी घेतलं, जोत्याचा चामडी पट्टा खांद्यावरून काखेत ओढला.

"डावा बैल कोन?" पाटलांनी विचारलं. ताकदीचे गडी सगळे नाड्यावर होते. उरले होते ते पाटलांच्या वयाचे, आणि पाटील स्वतः दोन पावलं मागे सरले होते.

आनंदरावांनी बूट काढले, पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडली आणि डावीकडे शिरले. "तारीख मी दिली होती," ते म्हणाले, "अर्धं जू माझं."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. रतनबाईनं मात्र पुढे होऊन दोघांच्या कपाळाला कुंकू लावलं. कुंडलिकच्या कपाळावर हिंगूळ आधीच होता, त्यावरच लावलं.

लाँचमध्ये इंजिनवाला मानसिंग बसला होता. तो मागे पाण्याकडे बघून वाट सांगायचा, रतनबाई बैलांना घालावी तशी साद घालायची, आणि दोघे छाती जुवाला लावून एकेक पाऊल मागे टाकायचे. गाडा कुरकुरत उतरू लागला. कुंडलिकनं सारा जन्म बैलांच्या मागे काढला होता. जुवाच्या आतून जग कसं दिसतं ते त्याला आज कळलं. पट्टा खांद्यात रुतत होता आणि रतनबाईच्या हाळीचा त्याला राग येत होता. आपण पाखऱ्याला किती वेळा उगाच दटावलं, हेही त्याला त्याच वाटेवर आठवलं.

चिकणमाती लागली आणि नको तेच झालं. एक नाडा ओला होऊन गड्यांच्या हातातून सुटला, गाडा तिरका झाला आणि खाली धावू लागला. आनंदराव "अहो, अहो!" करत घसरत चालले. कुंडलिक टाचा रोवत होता, पण मातीत टाच टिकेना. गाडा असाच आडवा खोल पाण्यात गेला असता तर लाँच उलथली असती, आणि मग सगळंच संपलं असतं. त्याचे पाय पाण्यात गेले, पोटऱ्या बुडाल्या, आणि अचानक टाचेला दगड लागला. घडीव, गुळगुळीत, मधे झिजलेला. कुंडलिकनं तो बघितला नाही, पण ओळखला. मारुतीच्या पाराची वरची पायरी! या पायरीवर बसून त्यानं भामाची सोयरीक ठरवली होती, हाकेच्या अंतराची ऐट मिरवली होती.

"सायेब, पायरी हाय! टाच लावा!" तो किंचाळला.

दोघांनी टाचा लावल्या. जू छातीत असं दाबलं की कुंडलिकच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण गाडा थांबला. वरच्या गड्यांनी सुटलेला नाडा पकडून करंजाला आणखी एक वेढा टाकला, गाडा सरळ केला. मग पायरीच्या कडेकडेनं तो सावकाश खोल पाण्यात गेला. पाणी कमरेला आलं, जू हलकं झालं आणि लाँच गाड्यावरून अलगद उठली.

"तरली!" मानसिंग ओरडला.

वाडीनं एवढा कल्ला केला की गोठ्यात सर्ज्या हंबरला. कोंडिबा पाटील म्हणाले, "म्या म्हनलंच व्हतं." ते काय म्हणाले होते, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा धडधडू लागलं. "एक फेरी मारून बघायला हवी," आनंदराव चिखल निपटत म्हणाले. "कुठं जायचं?" हे त्यांनी गमतीनंच विचारलं असावं, कारण कुंडलिक कधीच लाँचमध्ये चढून बसला होता.

हिरवा ठिपका मोठा होत गेला. आधी त्याचं लुगडं झालं, मग गठुडं दिसलं, मग लेकीचा चेहरा. भामा पाण्यात पाऊल टाकूनच उभी होती. लाँचमध्ये चढताच ती म्हणाली, "आमच्या मामंजींनी पंचांग बगून सांगितलं, सोळा तारखंला बेंदूर हाय. आबा, तुमी माज्यासाटी मुद्दाम त्योच दिस धरलासा न्हवं?"

कुंडलिकनं आनंदरावांकडे बघितलं. आनंदराव पाण्याकडे बघू लागले.

"मंग?" कुंडलिक म्हणाला. "तुला काय वाटलं?"

घरी आल्यावर भामा आधी गोठ्यात गेली. पाखऱ्यानं तिचा हात हुंगला आणि डोळे मिटले. तिनं त्याचं राहिलेलं शिंग रंगवलं, दोघांना पुरणपोळी भरवली. मग ओसरीवर आली तर कुंडलिक अंगरखा काढून बसला होता. पट्ट्यानं उजवा खांदा सोलून निघाला होता. रतनबाईनं तिला सगळी हकिकत सांगितली, अर्थात तारखेचा भाग गाळून.

"खांदंमळनी झाली का ग आई?" भामानं विचारलं.

"बैलांची झाली. एकाची ऱ्हायलीया."

कालचं हळद-लोणी वाटीत उरलं होतं. भामा वाटी घेऊन बापाच्या मागे बसली आणि खांदा चोळू लागली. झोंबत होतं, पण कुंडलिकनं खांदा मागे घेतला नाही. खालच्या काठाला लाँच बांधलेली त्याला ओसरीवरून दिसत होती. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा त्याला त्या पाण्याचा राग आला नाही. भामाचा हात खांद्यावरून मानेकडे आला, आणि ती लहानपणीसारखी कानाशी वाकली.

"लई वडलंस रे लेकरा," ती हळूच म्हणाली. "आता निवांत बस."

कुंडलिकनं डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला.