लेडविजांचं बिऱ्हाड नक्की कुठे होतं

डिंप्ना लेडविजने पस्तीस वर्षं डब्लिनच्या टपालखात्यात पत्रं लावली. अर्धवट पत्ता, चुकीचा पत्ता, पावसात भिजून पसरलेला पत्ता, सगळी पत्रं शेवटी तिच्याच टेबलावर यायची आणि डिंप्ना ती बरोबर त्या त्या दारात पोचवायची. त्यामुळे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी क्लोडा रेनिक नावाच्या पंचविशीतल्या मुलीने तिला अगदी नम्रपणे सांगितलं, की तुम्ही म्हणता तिथे तुमचं घर असूच शकत नाही, तेव्हा डिंप्नाला आधी हसूच आलं.

बोलणं चाललं होतं लॅव्हेल बराकींबद्दल. इंग्रजांच्या काळात त्यांचं नाव किंग्ज बराकी होतं. एकोणीसशे बावीस साली एका सकाळी इंग्रजांची पलटण दरवाजातून बाहेर पडली, दुपारी आयरिश पलटण आत आली आणि नाव बदललं. भिंती, घोड्यांच्या पागा आणि ढेकूण तेच राहिले. अठ्ठ्याण्णव साली सरकारने पलटण हलवली. मग वीस वर्षं तिथे कबुतरं आणि भिंतीतून उगवलेली झुडपं. आता एका बांधकाम कंपनीने ती जागा घेऊन तीनशे फ्लॅट काढले होते. जुन्या इमारती पाडायची परवानगी नव्हती, म्हणून आतून सगळं नवं आणि बाहेरून करडा दगड. क्लोडाचं काम होतं तिथे पूर्वी राहिलेल्या लोकांच्या आठवणी गोळा करायच्या आणि त्या त्या भिंतीवर पितळेची पाटी लावायची.

डिंप्नाची आठवण तर तयारच होती. तिचे वडील ख्रिस्टी लेडविज पलटणीत नाईक होते. अठ्ठावन्न साली त्यांनी नोकरी सोडली, तेव्हा डिंप्ना पाच वर्षांची होती. बराकीतलं तिला फार आठवत नव्हतं, पण जे आठवत होतं ते लख्ख होतं. पांढरी चुना लावलेली खोली. उंचावर अर्धचंद्रासारखी खिडकी, तिच्यातून दिसणारं मनोऱ्यावरचं घड्याळ. कोपऱ्यात धगधगती शेगडी. आणि लोखंडी पलंगावर बसलेले डॅडी. ते तिला मांडीवर घेऊन पळी-पातेल्याच्या गोष्टी सांगायचे, तिच्या केसांच्या वेण्या घालायचे, त्या सुटल्या की पुन्हा घालायचे. त्यांना कुठे जायची घाई कधीच नसायची. पुढे क्रमलिन भागातल्या घरी राहायला गेल्यावर तेच डॅडी बस डेपोत दोन-दोन पाळ्या करायचे आणि घरी आले की बूटही न काढता झोपायचे. म्हणून बराकीतली ती खोली म्हणजे डिंप्नाच्या लेखी घर. तिच्यानंतर मिळालं ते नुसतं राहायचं ठिकाण.

क्लोडाने टेबलावर जुना नकाशा पसरला. "मिस लेडविज, कुटुंबवाल्या शिपायांची बिऱ्हाडं इथे होती, पागांच्या मागे. तळमजला, समोर कोळशाचं अंगण. आणि घड्याळाचा मनोरा इथे. मध्ये पागांची इमारत, दोन मजली. बिऱ्हाडांतून घड्याळ दिसणं शक्यच नाही."

"पागा नंतर बांधल्या असतील."

"अठराशे बासष्ट साली बांधल्यात."

डिंप्नाने चष्मा पुसून पुन्हा लावला. नकाशा उलटा धरून पाहिला. मग क्लोडा तिला घेऊन प्रत्यक्ष जागेवर गेली. डोक्यावर पिवळा टोप घालून, चिखल तुडवत दोघी पागांच्या मागे गेल्या. समोर बुटकी इमारत, चौकोनी खिडक्या. अर्धचंद्र एकही नव्हता. डिंप्ना तिथे उभी राहून काहीतरी आठवायची वाट बघत राहिली. काही आठवेना. परक्या गावात चुकून भलत्याच थांब्यावर उतरल्यासारखं तिला वाटलं.

परतताना मोठ्या दरवाजापाशी ती थबकली. दरवाजाला लागून एक लहानशी दगडी इमारत होती आणि तिच्या भिंतीत उंचावर तीन अर्धचंद्र खिडक्या होत्या. डिंप्नाने मागे वळून पाहिलं. घड्याळ बरोबर समोर.

"हेच," ती म्हणाली. "हेच आमचं घर."

क्लोडाने नकाशावर नजर टाकली. मग म्हणाली, "ही पहाऱ्याची चौकी आहे. इथे कुणी राहत नव्हतं. म्हणजे... या खिडक्यांच्या आत कोठड्या होत्या."

त्या संध्याकाळी डिंप्नाने मलिंगर गावी राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. असम्प्टा तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, बोलणं पहिल्यापासून तुटक. बराकींचं नाव काढताच तिचा आवाज आणखी कोरडा झाला. आपण पागांच्या मागे राहत होतो, दीड खोलीत, ओल इतकी की भिंतीवर कपडे टेकले तरी भिजायचे, असं ती म्हणाली. तुला आठवत नाही यातच तुझं भलं आहे, असंही म्हणाली.

"मग अर्धचंद्राची खिडकी?"



"तू लहान होतीस, डिंप्ना. लहान मुलांना काय वाट्टेल ते आठवतं." आणि तिने फोन ठेवला.

डिंप्नाला राग यायला हवा होता, पण नेमका कशाचा ते कळेना. आठवण खोटी म्हणावी तर खिडक्या खऱ्या निघाल्या होत्या. खरी म्हणावी तर चौकीत बिऱ्हाड कुणाचं असतं? दोन दिवस ती किटलीत पाणी घालायची आणि किटली चालू करायला विसरायची.

मार्ग काढला तो क्लोडानेच. तिच्या यादीत मॉसी टूल नावाचे एक जुने शिपाई होते, वय शहाऐंशी, मुक्काम किल्मेनमच्या वृद्धाश्रमात. डिंप्ना त्यांच्यासाठी बिस्किटांचा डबा घेऊन गेली. म्हाताऱ्याने आधी डबा पाहिला, मग तिला.

"ख्रिस्टीची धाकटी," ते म्हणाले. "तू त्या वेळी माझ्या पहाऱ्यावर दोनदा शू केलीस, ठाऊक आहे का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, अगदी काल घडल्यासारखं. सत्तावन्नच्या डिसेंबरात ख्रिस्टी लेडविज एके सकाळी बिनपरवाना निघून गेला. बोटीने थेट इंग्लंडला. सतरा दिवसांनी आपल्या पायांनी परत आला आणि दरवाजावर सलाम ठोकून उभा राहिला. बेचाळीस दिवसांची कोठडी झाली. त्याची बायको संध्याकाळी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये भांडी घासायची. मोठी मुलगी इंचिकोरला मावशीकडे पाठवलेली. धाकटीला ठेवायचं कुठे? चौकीचा हवालदार पाच पोरांचा बाप होता. तो म्हणाला, कैद्याला नाहीतरी काय काम आहे, सांभाळू दे त्याला त्याचं पोर. मग रोज संध्याकाळी चार वाजता डिंप्नाची आई तिला चौकीच्या दारात सोडायची आणि मॉसी कुलूप काढून तिला आत घ्यायचा.

"सरकारी वहीत तुझी नोंद नाही हं," मॉसी म्हणाले. "कागदोपत्री तू तिथे कधी नव्हतीसच. पण त्या हिवाळ्यात अख्ख्या बराकीत एवढी ऊब दुसरीकडे कुठे नव्हती. शेगडी आमच्यासाठी असायची. दार उघडं टाकलं की थोडी तुम्हालाही मिळायची."

डिंप्नाने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "ते गेले का होते? आणि परत का आले?"

"गेला का, ते त्याने कधी बोलून दाखवलं नाही. परत का आला, ते मी विचारलं होतं. म्हणाला, मॉसी, तिकडे भयंकर गारठा होता आणि मी ओव्हरकोट इथेच विसरलो होतो." म्हातारा हसला. तिचा चेहरा पाहून थांबला. "तो थट्टा करत असेल, पोरी. तुझा बाप थट्टेखोर होता."

डिंप्नाने लष्कराच्या दफ्तरखान्याला पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी एका कागदाची नक्कल आली. नाव, हुद्दा, गैरहजेरीचे सतरा दिवस, शिक्षा, आणि शेवटी 'स्वतःहून हजर'. मॉसींचा शब्द न् शब्द खरा निघाला, आणि तरीही कागद वाचून तिला काहीच कळलं नाही. आयुष्यभर जी खोली तिने छातीशी धरली होती, तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ज्या माणसाला कुठे जायची घाई नव्हती, त्याला जायला मनाई होती. तरी वेण्या खऱ्याच होत्या ना? त्या घालताना तो खूश होता, की नुसताच अडकलेला? हे ती विचारणार तरी कुणाला? वडिलांना जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

क्लोडा भली मुलगी. पाटीचं काय करायचं हे तिने दोनदाच विचारलं आणि नंतर विचारणं सोडलं. 'या जागी लेडविज कुटुंब राहत होतं' अशी अक्षरं कोरून पाटी तयार झाली होती. फक्त जागा ठरायची होती.

मार्चमध्ये डिंप्नाने कागदाची नक्कल मलिंगरला पाठवली, सोबत चिठ्ठी न लिहिता. चौथ्या दिवशी असम्प्टा गाडीने डब्लिनला आली, हातात छत्री, पायात चांगले बूट. "चल, दाखवते तुला," एवढंच म्हणाली.

पागांच्या मागची इमारत तोवर नव्या बिऱ्हाडांनी भरली होती. असम्प्टा एकही पाटी न वाचता सरळ डावीकडून तिसऱ्या दारापाशी गेली आणि तिने घंटी वाजवली. दार उघडलं ते ज्युसारा नावाच्या एका ब्राझिलियन नर्सने. रात्रपाळी करून आलेली, केस ओले. आम्ही इथे राहत होतो असं असम्प्टाने सांगितल्यावर तिने काहीही न विचारता दोघींना आत घेतलं आणि कॉफी ठेवली.

आत गुळगुळीत भिंती, लाकडी जमीन, खिडकीत तुळशीसारखं कसलंसं रोप. असम्प्टा खोलीच्या मधोमध उभी राहिली. इथे पडदा होता, ती म्हणाली. पडद्याच्या अलीकडे आपण दोघी, पलीकडे ते दोघं. इथे कोळशाची बादली. इथे मॅमीची शिवणाची पेटी. ती बोट दाखवत गेली आणि डिंप्ना त्या त्या जागी बघत गेली. तिला फक्त ज्युसाराचा सोफा दिसत होता.

"आणि इथून ते गेले," असम्प्टा दाराकडे बघत म्हणाली. "मंगळवार होता. मी शाळेला निघत होते. म्हणाले, असम्प्टा, मी बोटीने चाललोय, संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, नाही सांगणार."

"मग?"

"मी तीन दिवस सांगितलं नाही. मॅमी रात्रभर दारात उभी असायची, पलटणीतली माणसं येऊन विचारत होती, आणि मी गृहपाठ करत होते. चौथ्या दिवशी मला ताप भरला आणि त्यातच सगळं बोलून गेले. मग मॅमीने मला इंचिकोरला मावशीकडे धाडलं. मला वाटलं, शिक्षा म्हणून धाडलं. ते परत आले, सुटले, तरी कुणी मला ईस्टरपर्यंत न्यायला आलं नाही."

तिने कॉफीचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. "आणि तू त्यांच्या मांडीवर. रोज. मावशी बराकीतून येऊन सांगायची मला. कोठडीतही ते तुझ्या वेण्या घालतात म्हणून. मला कुणी एकदाही तिकडे नेलं नाही."

आतापर्यंत डिंप्नाने कीव केली ती स्वतःची, थोडी वडिलांची. ह्या तेरा वर्षांच्या मुलीचा हिशोब तिने धरलाच नव्हता. आपल्या लाडक्या खोलीत ही कधीच नव्हती, हे आत्ता, ह्या परक्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. आजवर एकदाही कसं लक्षात आलं नाही?

"ते परत का आले असतील?" तिने विचारलं. "तुला काय वाटतं?"

"मॅमी म्हणायची, तुला गोवर निघाल्याचं कळलं म्हणून."

"मला गोवर क्रमलिनला निघाला. मी सात वर्षांची होते."

असम्प्टाने तिच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की. लाल उजेडाने गोवर बरा होतो म्हणून शेजारच्या मिसेस हॅकेटने खिडकीला लाल कापड लावलं होतं."

"मग मला नाही माहीत," असम्प्टा म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या आवाजातला मुख्याध्यापिकेचा ताठा कुठेतरी गेला. "मग मला काहीच माहीत नाही."

ज्युसाराला यातलं निम्मंअर्धं कळलं असेल. तिने केकचा तुकडा पुढे केला आणि तुम्ही दोघी पुन्हा या म्हणाली.

बाहेर पडल्यावर डिंप्नाने क्लोडाला तिथूनच फोन केला. पाटी पागांच्या मागे लावा, डावीकडून तिसरं दार, माझी बहीण जागा दाखवेल, असं तिने सांगितलं. चौकीचं काय, असं क्लोडाने विचारलं. चौकीचं राहू द्या, डिंप्ना म्हणाली. तिथे काय लिहायचं ते तिला खरंच ठाऊक नव्हतं.

कॉनोली स्टेशनवर मलिंगरची गाडी उभी होती. असम्प्टा पायरीवर चढली आणि वळली.

"तू तिथे खरंच खूश होतीस?"

डिंप्नाने हो म्हणावं की माफी मागावी, हे ठरवेपर्यंत मागून माणसं लोटायला लागली. "होते," ती म्हणाली.

"कमाल आहे," असम्प्टा म्हणाली. रागाने की आणखी कशाने, ते डिंप्नाला ओळखता आलं नाही. "ईस्टरला ये घरी. सगळं नीट सांग मला, पहिल्यापासून."

गाडी हलली. डिंप्ना फलाटावर उभी राहून पहिल्यापासून म्हणजे नेमकं कुठून, याचा विचार करत राहिली.