पाठीला काय लावायचं

गुरुवारी सकाळपासून चित्रकलेच्या बाईंनी ताईच्या चेहऱ्यामागे सात कागद लावून पाहिले आणि सातही काढून टाकले.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, इस्पितळातली मुख्य नर्स. शनिवारी ती निवृत्त होणार होती. निरोपाला द्यायला वॉर्डातल्या नर्स मुलींनी बाईंकडे तिचं लाकडी चित्र मागितलं होतं. बाईंनी पांढरट प्लायवूड घेतलं आणि विजेवरच्या बारीक करवतीनं केस, डोळे, हसताना पडणाऱ्या रेघा आरपार कापून काढल्या. उरलेलं लाकूड म्हणजे चेहरा, भोकं म्हणजे सावल्या. पण मागे काही लावल्याशिवाय त्या भोकांतून नुसती भिंत दिसते.

काळ्या कागदावर चेहरा उठून दिसला, पण तो ताईचा वाटेना. तपकिरीवर डोळे विझल्यासारखे झाले. लाल लावला तर ताई कुणावर तरी भडकलेली. पिवळ्यावर तर चेहराच हरवला. बाई टेबलापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. चहा दोनदा गार झाला.

नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीतलं काम सोडून तो आला आणि मान वाकडी करून बघत म्हणाला, "ताई पिठाच्या डब्यात पडल्यासारख्या दिसतात."

"मागचा रंग जमत नाहीये, एवढंच."

"मागचा कशाला, पुढचाच चुकलाय. ताई कधी एवढ्या गोऱ्या होत्या?"

"तुम्ही तुमची काजं करा," बाई म्हणाल्या. पण त्यांना ते झोंबलं.

झोंबायला कारण होतं. बाई आठ वर्षांच्या असताना ताईवर रुसून त्यांनी शाळेत तिला 'कोळसा' म्हटलं होतं. दुपारपर्यंत ते नाव सगळ्या शाळेच्या तोंडी झालं आणि पुढची चार वर्षं ताईला चिकटून राहिलं. ते कुणी पाडलं हे ताईनं कधी विचारलं नाही. बाईंनीही सांगितलं नाही. आता मात्र हात आपणहून पांढऱ्या लाकडाकडे गेला होता, जणू ताईचा रंग झाकायचाच होता.

शुक्रवारीही शाळेत रजा टाकून त्यांनी गडद तपकिरी लाकडाची पातळ फळी आणली. तेच रेखाटन चिकटवून पुन्हा सगळं कापलं. घाईत करवतीची तीन पाती तुटली. पण या लाकडामागे काळा कागद मळकट दिसू लागला. काळा रंग दिलेली फळी लावली तर ती चकाकली, आणि ताईच्या डोळ्यांत खोलीतली खिडकी दिसायला लागली. बाईंनी ती फळी काढून बाजूला टाकली.

नवऱ्यानं चिंध्यांच्या पिशवीतून काळ्या मखमलीचा तुकडा काढला. "ही उजेड गिळते," तो म्हणाला. "लावून बघ."

मखमल मागे धरताच सावल्या खोल गेल्या. तपकिरी लाकूड उजळलं, आणि ताई समोर आली.

तरी बाईंना चैन पडेना. सगळ्यांसमोर ताईनं ते पहिल्यांदा बघावं, हे काही त्यांना सोसवेना. संध्याकाळी चित्र चादरीत गुंडाळून त्या ताईच्या घरी गेल्या.

ताई भाजी निवडत होती. हात पुसून तिनं चित्र खिडकीपाशी नेलं.

"आधी गोरं कापलं होतं," बाईंना राहवलं नाही. "आणि शाळेतलं ते नाव... ते मीच पाडलं होतं, ताई."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुझी नवी रंगपेटी कुठे गेली असं वाटतं तुला? मीच टाकली विहिरीत."

बाईंच्या तोंडून हसू फुटलं. ताई मात्र हसली नाही.

"पेटी गेली तेव्हा तू दोन दिवस रडलीस," ती म्हणाली. "मी नर्स होऊन पांढरा गणवेश पहिल्यांदा घातला, तेव्हा आरशासमोर तेच नाव आठवलं."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या.

"हो," ताई म्हणाली. तिनं चित्र खुर्चीवर नीट उभं केलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. "नाक जरा मोठं काढलंस. असू दे. उद्या माझ्याबरोबरच चल, एकटीनं नेऊ नकोस ते."

मग तिनं निम्मी भाजी बाईंच्या पुढ्यात सरकवली.