बुटातलं झाकण

मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझच्या चौकात दर शनिवारी बँड वाजतो आणि सेनाइदा हर्मिलोबरोबर, म्हणजे नवऱ्याबरोबर, दान्सोन हा जोडीचा नाच नाचते. मधुमेह जडला, सांधेवातानं पायाची बोटं वाकली, तरी बाईनं शनिवार चुकवला नाही. त्या आठवड्यात मात्र डावं पाऊल सुजून लालबुंद झालं, हात लावावा तर गरम, आणि दुखायचं नाव नाही!

"बघ म्हाताऱ्या, नाचून नाचून वात पळाला," असं ऐकवून ती मनसोक्त नाचली.

घरी हर्मिलोनं तिचा पांढरा बूट काढला, तर आतून बिअरच्या बाटलीचं झाकण पडलं. त्याच्या दात्यांचा ठसा तळव्यावर उमटला होता.

"हे घेऊन नाचलीस?"

"छे! असतं तर टोचलं नसतं का?"

हर्मिलोनं तिचा तळवा दिव्याखाली धरला. त्याच्या आईचा पाय साखरेपायीच कापावा लागला होता.

सोमवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, साखरेनं नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखत नाही. आत हाडं ढासळताहेत. सांधेवात आणि हे, दोन्ही एकाच पायात फार क्वचित दिसतं."

"ऐकलंस? क्वचित!" सेनाइदानं मान उडवली.

"मिरवू नका. प्लास्टर घालते. पाऊल टेकवलंत तर पाय गमवाल."

शनिवारी ती चाकाच्या खुर्चीत बसून 'नुसतं बघायला' आली. नाचातला घडीचा पंखा हातात होताच. तेवढ्यात बँडवाला ओरडला, "हा दान्सोन सेनाइदाबाई आणि मंडळींसाठी!" झालं. प्लास्टरचा पाय खुर्चीच्या फळीवरून खाली सरकू लागला.

"एकच, म्हाताऱ्या. एकच नाचू."

हर्मिलो घाबरला, पण रागावला नाही. "दान्सोनात सुरुवातीची धून परत येते तेव्हा काय करतात?"

"थांबतात. हे काय विचारणं झालं?"

"मग यंदा आपण थांबण्यापुरतंच नाचू. बाकीचं पाय बरा झाल्यावर."

तिनं त्याला शिवी हासडली. मग दोन्ही हातांनी पाय उचलून परत फळीवर ठेवला.

धून परत आली. सगळा चौक थांबला, बायकांनी पंखे उघडले. सेनाइदानंही उघडला. खुर्चीशेजारी हर्मिलो टोपी काढून ताठ उभा होता. तिला रडू आलं आणि हसूही. ठेका सुरू झाला, जोड्या हलल्या, तरी तो तसाच उभा राहिला.

"पोट आत घे," ती पंख्याआडून पुटपुटली, "लोक बघताहेत."