अडकलेली प्रेस

तलासरीजवळच्या त्या शेडमध्ये गाड्यांच्या दोन दारांमधले खांब दाबून काढले जात. पत्रा हाय-टेन्साइल. साध्या पत्र्याहून पातळ, पण हट्टी. दाबला तरी उसळी मारून मागे यायचा आणि डायचे, म्हणजे लोखंडी साच्याचे, कोपरे खाऊन टाकायचा. गंजाडचा लाहू बारा वर्षं त्या डाय बसवत आणि घासत होता. त्याची थोरली बहीण काळी, जिला तो बाय म्हणायचा, त्याच प्रेसवर पत्रे लावायची. नवरा गेल्यावर लाहूनेच शब्द टाकून तिला तिथे लावलं होतं.

प्रेसला दोन्ही बाजूंनी सेन्सर होते. हात आडवा आला की ती जागीच थांबायची. त्या सोमवारी मात्र ती उगाचच थांबत होती. अकराच्या सुमारास सुपरवायझर गौरव आला. बोर्डीचा, तिशीतला माणूस.

"लाहू, सेन्सरला जंपर मार. ट्रक उभा आहे बाहेर."

"सर, बाय आहे प्रेसवर."

"मग? ती काय नवीन आहे? जेवणाच्या सुट्टीत काढून टाक."

लाहूने सेन्सर निकामी करणारी वायर जोडली. बहिणीला काही सांगितलं नाही.

तासाभराने तेलाने चिकटलेले दोन पत्रे एकदमच डायवर गेले. काळीच्या लक्षात आलं. वरचा ओढायला तिने उजवा हात आत घातला, आणि पलीकडून प्रेस चालवणाऱ्या सुनिलने दोन्ही बटणं दाबली. त्याला तिचा हात दिसलाच नाही.

नेहमीचा दणका आला नाही. काहीतरी कडकडून मोडल्यासारखं झालं, मोटर घुरघुरली आणि प्रेस अर्ध्यातच थांबली. दुहेरी पत्रा डायला झेपला नव्हता. काळीची तीन बोटं डायच्या कडेत मुळापर्यंत चिरडली होती. तळवा तेवढा बाहेर होता. ती किंचाळली, मग गुडघ्यांत वाकून हातावरच लोंबकळली. पत्र्यावरून रक्त तेलासारखं ओघळायला लागलं.

लाहूने धावत जाऊन मोटर बंद केली. उलट फिरवून पाहिली. प्रेस केसभरही हलली नाही.

"सुनिल, गॅस कटर आण! डायखालचे ठोकळे कापतो. डाय खाली बसली की हात सुटेल."

"डाय तडकेल!" गौरव मध्ये आला. "नवी यायला तीन महिने लागतील. अजून एक झटका दे, पूर्ण खाली जाऊन वर येईल."

"खाली गेली तर हात उरेल का?"

"तसाही उरलाय का?" म्हणत गौरवने मोटर चालू केली आणि बटणाकडे हात नेला.

लाहूच्या हातात दोन फुटी पाना होता. तो त्याने गौरवच्या तोंडावर घातला. जबडा मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. गौरव पत्र्यांच्या थप्पीवर आपटला, तोंडातून रक्त आणि दात आले. तो पडलेला असताना लाहूने पुन्हा मारलं, या वेळी खांद्यावर. तिसऱ्यांदा पाना उचलला, तोवर सुनिल त्याच्या कमरेला लटकला होता.

"लाहूदादा, बाय बघ! बाय बघ आधी!"

मोटर बंद झाली, कटर आला. सुनिलने ओलं पोतं काळीच्या हातावर धरलं आणि तिला मागून आधार दिला. लाहू जमिनीवर आडवा होऊन ठोकळे कापत होता. ठिणग्या त्याच्या मानेवर पडत होत्या, वर बहीण ओरडत होती, "तोड रे, हातच तोड, पण सोडव!" दुसरा ठोकळा तुटायच्या बेताला आला तसा दाबून धरलेला ताण फुटला. ठोकळ्याचा तुकडा लाहूच्या कपाळाला घासून भिंतीत घुसला. डाय दाणकन खाली बसली, तिला उभी चीर गेली. हात निघाला. तीन बोटं आतच राहिली.

काळीला आणि गौरवला एकाच गाडीतून वापीला नेलं. लाहूला पोलिसांनी नेलं. तिथे त्याने मारल्याचं कबूल केलं, दुसरा फटकासुद्धा. सेन्सरबद्दल विचारलं तेव्हा मात्र तो म्हणाला, "माहीत नाही."

जामिनावर सुटल्यावर तो बहिणीकडे गेला. पाड्यातल्या बाया तिच्याभोवती बसल्या होत्या. सगळ्या म्हणत होत्या, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. लाहूला ते ऐकवेना.

"बाय, वायर मी जोडली होती."

काळी उठली. डाव्या हाताने तिने त्याच्या थोबाडीत मारली, मग पुन्हा, थकेपर्यंत. त्या फटक्यांनी त्याच्या कपाळाचे टाके उसवले. त्याने हात वर केला नाही. बाया सोडवायला उठल्या तर तीच ओरडली, "कोणी मध्ये पडू नका!"

मग धापा टाकत ती त्याच्यासमोरच बसली.

"सांगितलं असतंस तर मी हात घातला नसता रे."

"हो."

"पोलिसांना सांगितलंस?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन चौकीत गेली. तो सगळं लिहून देईपर्यंत दारात उभी राहिली. गौरवने सांगितलं होतं हेही त्याने लिहिलं, आणि आपण ऐकलं हेही. आता दोघांवर खटला आहे. शेडमधल्या प्रेसला सील लागलं आहे. काळी डाव्या हाताने भात लावायला शिकते आहे, आणि लाहूशी अजून कामापुरतंच बोलते.